पुढचा डबा

इथे परदेशात, ब्रॅकनेलला राहायला आल्यापासून मी ट्रेनला जेवढ्या शिव्या घातल्यात, तेवढ्या माझ्या मॅनेजरलाही घातल्या नसतील. पण त्या रविवारी हद्दच झाली.

माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला सांभाळायला आई पुण्याहून आली होती. तिला वेम्बलीला नेलं, देवळात, मग ईलिंग रोडवर भाजीला. परतताना मशीनवर तिकिटाचा आकडा बघून ती म्हणाली, "अगं बाई! एवढ्यात मी नागपूरला जाऊन येईन, तेही झोपून!"

झोपायचं सोडाच, उभं राहायलाही जागा नव्हती. डबे नेहमीच्या निम्मे. कारण काय, तर अनाउन्समेंटमध्ये 'सॉरी' होतं, कारण नव्हतं. मागच्या एका डब्यातून कुणा भल्या माणसानं सीट देऊ केली, म्हणून आई बाळाला घेऊन तिथे चढली. मिटलेली प्रॅम, मेथीच्या जुड्या आणि दुधाची बाटली सांभाळत मी पुढे धावले आणि जिथे घुसता आलं तिथे घुसले.

आमच्या लाइनवर मधल्या एका स्टेशनवर गाडीचे दोन भाग करतात. पुढचे डबे ब्रॅकनेलला, मागचे भलत्याच गावाला. आतून इकडचं तिकडे जाता येत नाही, उतरूनच बदलावं लागतं. आज मुळातच डबे कमी, म्हणजे तोडणार नाहीत, असं मी धरून चालले होते. तोडले मेल्यांनी!

ते स्टेशन आलं आणि स्पीकर खरखरला. गाडीचे इथे दोन भाग होणार होते. दाराशी एवढी माणसं की मला हलता येईना. फोन लावून मी ओरडले, "आई, खाली उतर आणि पुढच्या डब्यात बस! पटकन!"

"बरं, बरं. ओरडू नकोस."

मग धापा टाकत आवाज आला, "बसले गं पुढच्या डब्यात."

हुश्श केलं. दारं लागली, गाडी हलली. आई फोनवरच होती.

"काय गं, आमची का सुटत नाहीये?"

आमची!

पुढच्या म्हणजे मला सगळ्यात पुढच्या म्हणायचं होतं. आई बिचारी उतरून तिच्या लगतच्या पुढच्या डब्यात, म्हणजे मागच्याच भागात, जाऊन बसली होती. चूक कुणाची म्हणायची? माझं लेकरू भलत्या गावाला चाललं होतं, एवढं मात्र खरं.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, "मी पुढच्या स्टेशनवर उतरते."

पुन्हा पुढच्या! तेवढ्यात फोन कट झाला.

मी पहिल्या थांब्यावर उडी टाकली. रविवार, त्यामुळे स्टेशनात चिटपाखरू नाही. परतीची गाडी कॅन्सल. मदतीचं बटण दाबलं, तर कुठल्यातरी लांबच्या ऑफिसातला माणूस शांतपणे माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारायला लागला. असा संताप आला म्हणून सांगू! त्याला तसाच सोडून मी आईला फोन लावत राहिले. एकदाचा लागला.

"आई, उतरलीस? स्टेशनचं नाव वाच!"

"वे आउट."

"काय?"

"वे आउट लिहिलंय गं, मोठ्या अक्षरात! इकडे पण तेच, तिकडे पण तेच!"

बाहेर पडायच्या वाटेची पाटी वाचत होती ती! एरवी मी पोट धरून हसले असते. पण मागे माझी मुलगी भुकेनं किंचाळत होती, आणि तिची बाटली माझ्या हातात होती. मला रडूच फुटलं. "आई, कुणाच्यातरी हातात फोन दे, प्लीज!"

एका अनोळखी बाईनं स्टेशनचं नाव सांगितलं. मी टॅक्सी केली, भाडं न विचारता.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर आई ताठ बसली होती, साडीवर माझं जॅकेट घालून. बाळ रडून रडून झोपलं होतं. 'पुढचा'वरून चार शब्द सुनावायचे असं टॅक्सीत ठरवलं होतं. ते राहूनच गेलं, कारण बाळाला घ्यायला वाकले तर ते हातात येईना. आईनं पदर बाळाच्या कमरेभोवती गुंडाळून टोक स्वतःच्या कमरेला घट्ट बांधलं होतं.

"हे काय गं, आई? सोड ना."

ती सोडायला लागली, पण गाठ एवढी आवळली होती की सुटेना.

"इथे गाडीचेसुद्धा तुकडे करतात गं," ती म्हणाली. "म्हटलं, हिला तरी माझ्यापासून कुणी तोडू नये."

मी तिच्या हातावर हात ठेवला. गाठ तशीच राहू दिली आणि बाळाला तिच्या मांडीवरच दूध पाजलं.