छाटलेली झोप

६ जुलै १९२४ रोजी माणसाच्या मेंदूतील विजेची नोंद पहिल्यांदा घेतली गेली. एवढे तपासून घेता येते. पुढच्या मजकुरातले सगळेच तसे तपासता येत नाही. जिथे येत नाही, तिथे तसे म्हटले आहे.

त्या नोंदीनंतर ऐंशीएक वर्षांनी, एका रुग्णालयाच्या तळमजल्यावरील बिनखिडकीच्या खोलीत एक बाई अशाच नोंदी घेत. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा ‘तंत्रज्ञ’ असा आहे. बाकी सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. फीत धरून डोके मोजणे, खुणा करणे, लेप लावून तारा चिकटवणे हे काम त्या करतच. नाव मात्र पडले ते नंतरच्या कामावरून. फिट येणाऱ्या रुग्णाची नोंद कित्येक दिवस चाले आणि तेवढे साठवायला संगणकात जागा नसे. म्हणून अहवाल गेला की झटके आणि संशयास्पद टोकदार लहरी ठेवायच्या, उरलेले छाटून टाकायचे. असा लेखी आदेश फायलींत सापडला नाही. मात्र त्या काळातल्या चारही तंत्रज्ञांच्या नोंदी तशाच छाटलेल्या आहेत. कात्रीबाईंचा हात सर्वांत साफ. आठ दिवसांतून त्या नेमकी चाळीस मिनिटे काढत.

“बाई, तुम्ही दगडातून मूर्ती काढता,” डॉक्टर म्हणत.

“कसली मूर्ती! लोक खडे वेचून गहू ठेवतात. मी गहू फेकून खडे ठेवते.”

त्यांची धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवत असे. दोघी एकाच घरात राहत. नवव्या वर्षापासून तिला फिट येत. एकदा ती फळ्यासमोरच कोसळली, आणि शाळेने तिचे वर्ग काढून तिला कारकुनीला बसवले. औषधे बदलून झाली. मग शेवटचा उपाय उरला: फिट मेंदूत जिथून सुरू होते ती जागा सापडली, तर ती कापून काढायची. त्यासाठी मेंदूत दोन्ही बाजूंना बारीक तारा घालण्यात आल्या. आठ दिवसांची नोंद कात्रीबाईंनीच घेतली, कारण धाकटीने हट्ट धरला होता: “ताईशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

“ताई, माझ्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं का गं तुला?”

“ते दिसलं असतं, तर त्या गवयाच्या नादी लागू दिलं असतं का तुला?”

“बरं झालं मग. यंत्र आंधळंच असू दे.”

आठ दिवसांत तिला तीन फिट आल्या. तिन्ही वेळा लहरी दोन्ही बाजूंना एकदमच उसळल्या. कापायचे कुठे, हे ठरेना. अहवालात एकच ओळ आहे: ‘उगमस्थान अनिश्चित; शस्त्रक्रिया नको.’ नवव्या दिवशी कात्रीबाईंनी नेहमीच्या शिस्तीने नोंद छाटली. त्यात बहिणीची जवळजवळ सगळी झोप गेली. झोपेत लहरी संथ आणि स्वच्छ होत्या. ठेवण्यासारखे काही नव्हते.

चौदा महिन्यांनी, एका दुपारी, धाकटी घरी झोपेतच गेली; फिटनेच, असे मानले गेले. त्या वेळी कात्रीबाई कामावर होत्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी रुग्णालयात एक व्याख्यान झाले. वक्त्याने सांगितले की मेंदूत सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा थरथरणाऱ्या, अतिशय बारीक लहरी असतात. नेहमीच्या पडद्यावर त्या दिसत नाहीत, नोंद ताणून मोठी करावी लागते. फिटचे मूळ जिथे असते तिथे त्या बहुधा जास्त सापडतात, आणि त्या शोधायला सर्वांत चांगली वेळ म्हणजे गाढ झोप. उपस्थितीपटावर कात्रीबाईंची सही आहे.

दुसऱ्या दिवशी त्या अभिलेखागारात आल्या. तिथे जुन्या नोंदींची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते.

“एक नोंद बघायचीय. मीच छाटलेली.”

यादीत ती सापडली. झटके तीन. आणि सोबतच्या कागदावर शेवटी, त्यांच्याच अक्षरातला शेरा: ‘झोप, ११ मि. काही नाही. ठेवावे.’

“काही नाही, तर ठेवली कशाला?”

“त्यात ती बोललीय.”

नोंदीसोबत टिपलेला ध्वनी लावला. बराच वेळ फक्त श्वास. मग अगदी जवळून, झोपेतला आवाज: “ताई, आहेस ना?” खुर्ची करकरली. उत्तर आले नाही. रुग्ण झोपला असताना तंत्रज्ञाने बोलायचे नाही, असा नियम आहे. हा मात्र लेखी आहे.

“ओ द्यायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “नोंद खराब झाली असती, दुसरं काय?”

नोंद ताणून पाहिली. उजवीकडे एकेचाळीस वेळा बारीक थरथर, सेकंदाला सुमारे एकशे चाळीस. डावीकडे सहा वेळा. हीच मोजणी दुसऱ्या अभ्यासकाकडूनही करून घेतली. त्याचे आकडे अडतीस आणि सात.

“म्हणजे उजवीकडे होतं,” कात्रीबाई म्हणाल्या. “मी फेकलं त्यातही हेच असणार. हो की नाही?”

तसे म्हणता येत नव्हते. मेंदूच्या ज्या भागात तारा होत्या त्याच भागात, तेवढ्याच वेगाच्या लहरी निरोगी माणसालाही झोपेत येतात. दिवसभराच्या आठवणी पक्क्या होताना त्या उठतात, असे मानले जाते. आजार कोणता आणि आठवण कोणती, हे अकरा मिनिटांवरून ओळखता येत नाही. शिवाय त्या काळी या लहरींवरून शस्त्रक्रिया ठरवत नसत.

“तुम्हीही छाटूनच बोलता,” त्या म्हणाल्या.

आता त्या निवृत्त आहेत. तरी दर मंगळवारी येतात, नोंदवहीत वेळ लिहितात आणि अकरा मिनिटे पडद्यासमोर बसतात. आवाज येतो त्या ठिकाणी, प्रत्येक वेळी, हळूच “आहे गं” म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा कारकून मंगळवारी जागा बदलून बसतो.

फेकलेल्या झोपेत काय होते, ते कळलेले नाही. उरलेल्या झोपेतली थरथर फिटची की आठवणीची, तेही नाही. उजवीकडची जागा कापली असती तर धाकटी जगली असती का, हे माहीत नाही, आणि ज्यावरून ते कळले असते, अशी कोणतीही नोंद आज शिल्लक नाही.