नानांचा कवडसा

समोरच्या घरातले नाना हिवाळ्यात रोज सकाळी कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात, मांडीवर आरसा घेऊन. आमच्या गावात सूर्यचूल आणि उन्हावर पाणी तापवणारे बंब आणले ते या इंजिनिअर नानांनीच. लोक हसायचे, तेव्हाही ते असेच आरसे फिरवत बसलेले असायचे.

घर बांधताना दक्षिणेचं सगळं ऊन त्यांनी आपल्या यंत्रांना देऊन टाकलं आणि झोपायची खोली काढली उत्तरेला. आता काकू अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. मग नाना आरशातून कवडसा खिडकीत सोडतात.

"अहो, डोळ्यांत येतंय!"

नाना आरसा जरा कलता करतात. "आता?"

"हां, पायांवर असू द्या."

सूर्य सरकतो, तसा आरसाही सरकत राहतो. अख्ख्या जगाला पुरून उरणारा सूर्य, आणि त्यातला वीतभर तुकडा नेमका एका माणसाच्या पायांवर ठेवायचा, म्हणजे केवढं इंजिनिअरिंग!

काल आभाळ भरलेलं होतं. तरी नाना आरसा घेऊन बसलेच होते, ढगांकडे बघत. बऱ्याच वेळाने आतून काकूंचा आवाज आला,

"अहो, ऊन नाहीये, तर तुम्हीच या की आत!"