व्होल्गेची ओटी

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजिवड्याच्या घरी डाळ भिजत घालत होते. "मामी, आई गेली... झोपेतच," एवढंच भाचा म्हणाला. वन्सं म्हणजे मालूताई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. डोंबिवलीत राहायच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्या आमटीत कायम काहीतरी कमी असायचं आणि त्यांचं बोलणं मला कायम जास्त व्हायचं, तरी एकमेकींशिवाय आमचं पान हलत नसे. महिना होऊन गेला, अजून सकाळी दहाला वाटतं, आता फोन येईल आणि आज भाजी काय केलीस म्हणून चौकशी होईल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी रशियाला गेलो होतो. ह्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून ह्यांच्या जागी वन्सं आल्या. मॉस्कोपासून व्होल्गेच्या काठची जुनी गावं, तिथली चर्चं, अशी आठवड्याभराची छोटी सहल होती. नणंद-भावजय एका खोलीत राहतात याचंच बसमधल्या मंडळींना अप्रूप. तिथल्या चर्चचे घुमट थेट कांद्यासारखे. चातुर्मास सुरू होता आणि वन्संचा कांदा बंद. मी चिडवलं तर म्हणाल्या, "खायचा नाही म्हटलंय, बघायला काय हरकत आहे?" मग त्यांनी प्रत्येक गावातले कांदे मोजले आणि रोज रात्री जेवताना सगळ्यांना आकडा ऐकवला.

यारोस्लाव्हलला पहिल्यांदा व्होल्गा नीट दिसली. पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढं रुंद पात्र. वन्संनी पर्समधून एक पुडी काढली. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याची वाटी. एवढी मोठी नदी भेटायची तर तिची ओटी भरायला नको का, असं म्हणून पुडी माझ्या हातात ठेवली. "घे, तू भर. मला चालत नाही."

वन्संचे यजमान, आमचे भाऊजी, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवसापासून वन्संनी कुणाची ओटी भरली नव्हती. आमच्याकडे हळदीकुंकू असलं की त्या स्वयंपाकघरात वाटली डाळ, पन्हं करत बसायच्या आणि बाहेर यायच्याच नाहीत. मी म्हणाले, पुडी तुम्ही आणलीत, नदी तुम्हाला हवी होती, तर तुम्हीच भरा. इथे आपल्याला कोण बघतंय?

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. मीही ओटी भरली नाही. पुडी पुन्हा पर्समध्ये गेली, पुढच्या गावी, कोस्त्रोमालाही तशीच राहिली आणि आम्ही दोघी दिवसभर फक्त कामापुरतं बोललो.

शेवटचं गाव उग्लिच. नदीला लागूनच लाल भिंतींचं, निळ्या घुमटांचं एक चर्च होतं. आत जाताना बायकांनी डोकं झाकायचं, म्हणून दाराशी टोपलीत रुमाल ठेवलेले. तिथे मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीने वन्संच्या डोक्याला स्वतःच्या हाताने रुमाल बांधला, हनुवटीखाली गाठ मारली, एक मेणबत्ती हातात दिली आणि दंडाला धरून थेट मेरीच्या तसबिरीपुढे नेलं. वन्संनी मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिने मला काही विचारलंच नाही गं..."

मग माझी वाट न बघता त्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. वाकून ओंजळीने तांदूळ सोडले, हळकुंड, सुपारी, खोबरं सोडलं. पाण्यात कापड टाकू नका, असं गाईडबाई वरून सांगत होत्या, तेव्हा खण घेऊन त्या परत चर्चमध्ये गेल्या आणि तो म्हातारीच्या हातात ठेवला. तिने वन्संचे दोन्ही गाल धरून तीनदा मुके घेतले. वन्सं लाजून लालेलाल झाल्या. मला इतका आनंद झाला होता की त्यांना चिडवायचंही सुचलं नाही.

परत आल्यावर माझ्या लेकीचं डोहाळजेवण झालं, तेव्हा तिची पहिली ओटी वन्संनी भरली. मी सांगितलं नव्हतं, त्या आपणहून पुढे आल्या.

त्या गेल्या त्या दिवशी मी डोंबिवलीला पोचले, तेव्हा बायकांनी त्यांना अंघोळ घालून साडी नेसवली होती. शेजारच्या काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, सवाष्ण नव्हत्या ना त्या, म्हणजे ओटीचं काही लागणार नाही. वन्संच्या कपाटातून एक खण काढला, स्वयंपाकघरातून तांदळाचा डबा आणला आणि सगळ्यांदेखत त्यांची ओटी भरायला बसले. तांदूळ सांडत होते. मला वाटलं, आता काकू हात धरणार.

काकूंचे यजमानही कधीच गेलेत. त्या माझ्या शेजारी खाली बसल्या, डब्यात हात घातला आणि मूठभर तांदूळ घेतले.