पेगीची गोधडी आणि आमचा गुरुवार

गुरुवारी दुपारी हॉलमधून घरी आले की चहा उकळेपर्यंत ह्यांना सांगायला माझ्याकडे एक तरी किस्सा असायचाच. हे म्हणायचे, "तुम्ही बायका तिथे शिवता कधी?" शिवत होतो हो. पण एका टेबलाभोवती सुया घेऊन बसलं की हात एकीकडे चालतात आणि तोंड दुसरीकडे. वर्षानुवर्षं असं बसल्यावर किस्से साठणारच. मी ते साठवले नाहीत, ते आपोआप राहिले. आता सांगायला बसले तर लक्षात येतं की त्यातले बरेचसे फिरून फिरून पेगीपाशी येतात. पेगीचे डोळे जात होते आणि ते जायच्या आत तिला एक गोधडी स्वतःच्या हाताने पुरी करायची होती.

*

आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलो ते ह्यांच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे. आमची लेक मीरा सेकंडरी स्कूलला जायला लागली आणि दुपारी घर फार शांत वाटायला लागलं. लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला: क्विल्टिंग ग्रुप, दर गुरुवारी, चर्चच्या हॉलमध्ये, नवशिक्यांचं स्वागत. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, इंग्लिश जेमतेम. पण क्विल्ट म्हणजे त्यांची गोधडीच, आणि गोधडी मला शिवता येत होती. आईकडे बघून शिकले होते.

जुन्या सुती साड्या पिशवीत भरताना मीराने पाहिलं आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू जुना साडी घेऊन जाणार तिकडे? सगळे नवीन कापड आणतात. सो एम्बॅरसिंग!"

तिचं खरं होतं. तिथे सगळ्यांकडे इस्त्री केलेलं नवं कोरं कापड, घड्या घालून रंगवार लावलेलं. ग्रुप चालवायच्या डोरोथी. आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलेल्या, पाठ ताठ, गळ्यात मोजपट्टी. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे. त्यांनी मला जागा दाखवली आणि सुरू कर म्हणाल्या.

मी सुरू केलं. म्हणजे आमच्याकडे करतात तसं केलं. हॉलच्या फरशीवर साड्या एकावर एक अंथरल्या, मांडी घालून वर बसले आणि कोपऱ्यापासून धावदोरा घालायला लागले. जरा वेळाने मान वर केली तर सगळ्या जणी खुर्च्यांवरून खाली बघत होत्या.

मग जीन नावाची एक जाडजूड, हसरी बाई उठली, माझ्यासमोर येऊन खाली बसली आणि म्हणाली, "मजा आहे की इथे." सगळ्या हसल्या आणि माझी भीती गेली.

जीनला परत उठवायला मात्र दोघी लागल्या.

*

त्या दिवशी बाईंनी मला पहिला धडा दिला. क्विल्ट नेहमी मधून सुरू करायची आणि कडेकडे जायचं. म्हणजे जास्तीचं कापड बाहेर सरकत जातं आणि सुरकुती राहत नाही. मी सांगितलं की आम्ही कडेपासून सुरू करतो, गोल गोल फिरत मध्ये येतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग सगळ्या सुरकुत्या मध्यभागी गोळा होतात."

त्यांचं चूक नव्हतं. पण हाताला लागलेलं वळण सहज जात नाही. ख्रिसमसच्या सोडतीसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून एक क्विल्ट शिवायला घेतली. बाई आणि पेगी मधून निघाल्या. मी गप्पांच्या नादात कोपरा धरला आणि कडेने आत निघाले. संध्याकाळपर्यंत दोन्हींच्या मध्ये सापडलेलं कापड पुरीसारखं टम्म फुगलं.

बाईंनी छोटी कात्री काढली आणि माझे टाके उसवायला घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जीनने फुगवट्यावर हात ठेवून पाहिला. "उसवू नका डोरोथी. ज्याला लागेल तो गरम पाण्याची पिशवी इथे ठेवेल."

*

हीच जीन एकदा मला विचारत होती की तुझा नवरा हॉस्पिटलात नक्की काय करतो. मी सांगितलं की ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देतात.

"म्हणजे माणसांना झोपवतो?"

"हो."

"माझा नवराही तेच करतो," ती म्हणाली. "नुसता बोलून."

*

उन्हाळ्यात आम्ही मिनीबस करून कुठे कुठे जायचो. कापडाची दुकानं, बागा, चहा आणि सोबत स्कोन नावाचे गोडसर पाव. एकदा एका उमरावाचं जुनं घर बघायला गेलो. गाईड तरुण होता, मन लावून सांगत होता. मोठ्या दिवाणखान्यात आल्यावर म्हणाला, आता सगळ्यांनी वर छताकडे बघा, हे रंगवायला कलाकाराची कितीतरी वर्षं गेली.

आम्ही सगळ्या खाली बघत होतो. फरशीच्या काळ्यापांढऱ्या तुकड्यांची इतकी सुंदर नक्षी होती की जीनने पर्समधून टिशू काढून त्यावर ती उतरवायला सुरुवात केली होती. बाई गुडघ्यावर बसून मोजपट्टीने माप घेत होत्या.

मग गाईडही खाली वाकला आणि त्याने काळजीने विचारलं, "कानातलं पडलंय का कुणाचं?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पेगी मात्र माझ्या दंडाला धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "शुभा, काय आहे खाली? मला सांग ना."

तेव्हा मला कळलं.

*

पेगी माझ्या आईच्या वयाची. तरुणपणी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायची. घरातल्या प्रत्येकाला तिने क्विल्ट करून दिली होती, स्वतःला एकही नाही. आता एक निळीपांढरी स्वतःसाठी घेतली होती. वरचे तुकडे जोडून झाले होते, आता खालचे थर धरून शिवायचं होतं. आणि मधली नजर गेली.

कसं दिसतं ते तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. "मी सरळ तुझ्याकडे बघते ना, तर तुझं नाक दिसत नाही. पण तुझे ते झुमके झकास दिसतात."

तिने गुरुवारी यायचं सोडलं नाही. गोधडी मांडीवर घेऊन बसायची, एक टाका घालायची आणि तो कुठे गेला ते शोधत राहायची. एका दुपारी बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "पेगी, दे माझ्याकडे. मी पुरी करून देते."

"मग ती तुझी होईल, डोरोथी," पेगी म्हणाली.

बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

*

मी आठवडाभर विचार केला. मधून सुरू करायचं तर कापडावर आखलेली रेघ दिसायला हवी. पण आमच्या गोधडीला रेघ लागतेच कुठे? एकदा कडेची ओळ घातली की डावा अंगठा तिच्यावर ठेवायचा आणि त्याच्या शेजारून पुढची ओळ न्यायची. आई तर दिवे गेले तरी थांबायची नाही.

पुढच्या गुरुवारी मी पेगीचा अंगठा धरून कडेवर ठेवला. जीन तिच्यासाठी सुयांमध्ये दोरे ओवून उशीत टोचून ठेवायला लागली. पहिला दिवस रडकुंडीचा गेला, पेगीची बोटं टोचून टोचून लाल झाली. दुसऱ्या खेपेला एक बाजू झाली. मग कोपरा वळला. मग ती मान वर करून, खिडकीकडे तोंड करून आमच्याशी गप्पा मारत शिवायला लागली. टाके मोठे होते, आमच्या गोधडीसारखे. पण ओळी एकीला एक धरून जात होत्या.

बाई लांबून बघत होत्या. मला वाटलं, आता रागावतील. मधून कडेकडे हा त्यांचा नियम, त्यांच्याच हॉलमध्ये मी मोडायला लावला होता. शेवटी त्या आल्या, गोधडीवर हात फिरवला आणि न राहवून म्हणाल्याच, "पेगी, अशाने सुरकुत्या मध्यभागी येतील गं."

पेगीचा हात थांबला नाही.

"मधलं मला तसंही दिसत नाही."

बाई हॉलच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचे कप धुवायला लागल्या. ते कप मी मघाशीच धुऊन ठेवले होते.

*

गोधडी वसंतात पुरी झाली. मध्यभागी सुरकुत्या आल्याच, चुण्या घातल्यासारख्या. पेगीला ती पांघरायची होती, पण जीनने हट्टच धरला की आधी प्रदर्शनात लागली पाहिजे. चार-पाच गावांच्या ग्रुपचं ते वार्षिक प्रदर्शन. तिथे काय टांगायचं ते बाई ठरवणार होत्या. आम्हाला वाटलं, त्या सुरकुत्या बघून नाही म्हणतील. बाई म्हणाल्या, "बघू."

प्रदर्शनाच्या दिवशी मी पेगीला गाडीतून घेऊन गेले. हॉल माणसांनी भरलेला. भिंतीभिंतीवर क्विल्ट आणि प्रत्येकीखाली बाईंच्या सुरेख अक्षरात पाटी: कृपया हात लावू नये. बाई स्वतः पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या. कोणाला मागची बाजू बघायची असेल तर त्याच कोपरा उचलून दाखवायच्या, दुसऱ्या कोणाला परवानगी नव्हती.

"माझी आहे का?" पेगीने मला विचारलं.

होती. खिडकीशेजारी, इतरांपेक्षा खाली टांगलेली, वरची कड पेगीच्या खांद्याच्या उंचीवर. मी तिला समोर नेऊन उभं केलं. तिने काठी माझ्याकडे दिली, कोपरा चाचपडून शोधला, कडेवर अंगठा टेकवला आणि ओळीओळीने निघाली. आधी वरून, मग बाजूने, खाली वाकून, परत वर. लोक थबकायला लागले. तिला थांबवावं की नाही, ते मला कळेना.

तेवढ्यात कोट घातलेला एक पाहुणा बाईंकडे गेला. दुसऱ्या गावच्या ग्रुपबरोबर आलेला असावा. त्याने आधी पाटीकडे बोट केलं, मग पेगीकडे, आणि म्हणाला की त्या बाई केव्हाच्या क्विल्टला हात लावतायत, तुम्ही काही बोलत कशा नाही?

बाईंनी तिकडे पाहिलं. पेगीचा अंगठा मधल्या सुरकुत्यांपर्यंत पोचला होता.

"हात लावत नाहीत त्या," बाई म्हणाल्या. "बघतायत."