त्रेसष्ट दुकानांचे मामा

आमच्या वहिनीच्या मामांनी जिच्यावर संशय घेतला नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीवर शिल्लक नसेल. एसटी स्टँडवरचं घड्याळ, वर्तमानपत्रातलं हवामान, लातूरच्या मिलमधून पुड्यात बंद होऊन आलेली तूरडाळ, सगळ्यांना मामांच्या चौकशीतून जावं लागतं. घड्याळ बरोबर आहे का ते मामा कंडक्टरला विचारतात आणि कंडक्टर बरोबर सांगतोय का ते ड्रायव्हरला. एकदा डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला आणि जास्त आहे म्हणाले. मामांनी लगेच कंपाउंडरला खुर्चीत बसवलं. "आता ह्याचा मोजा. ह्याचा बी तेवढाच निगाला तर तुमचं मशीन बिघडलंय." कंपाउंडरचा मामांपेक्षा थोडा जास्तच निघाला. त्या दिवशी मामा खुशीत घरी आले आणि बिचारा कंपाउंडर गोळ्या घेऊन गेला.

गंमत अशी, की जगावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसावर कंधारच्या बाजारपेठेचा मात्र डोळे झाकून विश्वास. मामा पेशाने मुनीम. बाजारातल्या त्रेसष्ट दुकानांच्या वह्या ते वर्षानुवर्षं लिहीत आलेले. मी नांदेडला कर सल्लागार आहे. म्हणजे जे काम मामा मांडी घालून करतात तेच मी खुर्चीत बसून करतो आणि वर पंखा लावतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळच्या एसटीने ते वह्यांची पिशवी घेऊन यायचे आणि बाहेर कितीही गिऱ्हाइकं बसलेली असोत, "काय पाव्हणं, हाय का सवड?" म्हणत सरळ आत शिरायचे. सोयऱ्याला ताटकळत ठेवलं हे वहिनीच्या कानावर गेलं तर माझी घरात धडगत नाही, हे आम्हां दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना पहिल्यांदा संगणकावरची बेरीज दाखवली, तेव्हा त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि अर्धा तास बसून तीच बेरीज स्वतः केली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग संगणकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर हाय. ठिवा याला कामावर."

मग जीएसटी आला. दर महिन्याला रिटर्न, म्हणजे विक्रीचा तक्ता, सरकारच्या साइटवर भरायचं आणि ते पाठवताना मालकाच्या मोबाइलवर जे सहा आकडे येतात ते दहा मिनिटांत टाकायचे, अशी रीत सुरू झाली. त्यासाठी नोंदणी करताना मालकाचा मोबाइल नंबर द्यायचा होता. पण कंधारातल्या दुकानदारांना वाटलं, आपला नंबर ही घरातली गोष्ट, ती सरकारला कशाला? उद्या जेवायच्या वेळेला साहेबाचा फोन आला म्हणजे? सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "मामा, तुमचाच टाका." मामांनी टाकला. एका नंबरवर ठरावीकच दुकानं बसतात असं कळल्यावर मामींचा टाकला, तोही भरला तेव्हा नवे नंबर घेतले. असं करता करता मामांच्या घरात सात फोन झाले, सगळे बटणांचे. मामींनी जुन्या सतरंजीची सात कप्प्यांची पिशवी शिवली आणि प्रत्येक कप्प्यावर वेगळ्या रंगाचा दोरा घातला, कापडवाले लाल, किराणावाले पिवळा, असं. ती पिशवी मामांच्या नाहीतर मामींच्या गळ्यात असायचीच. आकडे आले की ते मला फोनवर सांगायचे आणि मी इथून रिटर्न पाठवायचो. हे चूक आहे हे मला कळत होतं. पण माझंही काम झटपट होत होतं, खोटं कशाला बोलू?

मुदखेडला एका नातेवाइकांच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती. सगळे अक्षता घेऊन उभे. तेवढ्यात पिवळ्या कप्प्यातला फोन वाजला. मामींनी तो वाचला आणि बायकांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला खणखणीत आवाज दिला, "अवो, किराणावाल्याचे आले! चार, शून्य, नऊ..." मामांनी तिथूनच मला फोन लावला. भटजी गप्प झाले, नवरदेव अंतरपाटावरून वाकून बघायला लागला. मामा भटजींना म्हणाले, "तुमचं चालू द्या म्हाराज. तुमच्या मुहूर्ताला आजून बारा मिन्टं हायत, आमच्याला धाच." रिटर्न गेलं, लग्नही लागलं. मामींच्या मात्र अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

हे असंच चाललं असतं, पण मामांच्या छातीने दगा दिला. एसटीची पायरी चढताना त्यांना दम लागायला लागला. मुलगा लातूरला असतो. त्याने नेऊन तपासण्या केल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, छातीचं ऑपरेशन करायचं, ते दोन महिन्यांच्या आत करायचं, आणि नंतर कितीतरी दिवस फोन, वह्या, धावपळ सगळं बंद. मामांनी यावेळी कंपाउंडरला खुर्चीत बसवलं नाही, यावरूनच मी काय ते ओळखलं. पण ऑपरेशनला ते तयार होईनात. माझ्यासमोर बोटं मोजून म्हणाले, "एक ते धा बिलं गोळा करायची. आकरा ते ईस रिटर्नं. एकीस ते म्हैनाअखेर वह्या. मदी कुटं जागा हाय सांगा पाव्हणं, तितं छाती फाडू." मामी वहिनीकडे रडल्या आणि वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊजी, तुमच्या त्या सहा आकड्यांपायी माझा मामा जाईल," एवढंच म्हणाली. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

उपाय एकच होता. त्रेसष्ट दुकानांचे नंबर ज्याच्या त्याच्या फोनवर गेले पाहिजेत आणि ज्याचं रिटर्न त्याला भरता आलं पाहिजे. मी कंधारला शाळेचा हॉल घेतला, पडदा लावला आणि दुकानदारांचं शिबिर भरवलं. लोक आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, मी दोन तास घसा कोरडा करून समजावलं त्याला माना डोलावल्या. शेवटी विचारलं, "आता आपला नंबर कोण कोण बदलून घेणार?" एकही हात वर झाला नाही. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मामा हाय की." आणि पहिल्या रांगेत बसलेले मामा चक्क लाजले. मला असा संताप आला! ऑपरेशनचं बाजारात कुणाला सांगू नका, अशी मामांनी मला शपथ घातली होती. मी ती तिथल्या तिथे मोडली. "मामांची छाती फाडायची आहे," मी ओरडलो, "आणि तुमच्यामुळे ते जात नाहीत!" मग एक म्हातारे कापडवाले उठले आणि गहिवरून म्हणाले, "मंग आमी थांबतो. मामा बरे होऊन आल्यावर भरू. काय घाई हाय?" बाकीच्यांनी "हाव, हाव" केलं. डोकं आपटून घ्यावं असं वाटलं मला.

तेव्हा मामा उठले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक छातीवर. "कुनी थांबायचं न्हाई," ते म्हणाले. "तारीख मामाला वळखत न्हाई. आनि ऐका, माज्यावर भरवसा ठिवू नका. म्या आजवर कुनावर ठिवला न्हाई, म्हून तर तुमचं कधी चुकलं न्हाई." मग त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि जे मला दोन तासांत जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत सांगितलं. माल घेताना भरलेल्या कराची वजावट कधीकधी का मिळत नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे असं होतं: "सोयरीक दोनी घरानं सांगावी लागती. नुस्तं पोराकडच्यानं 'जमलं' म्हून भागतं का? ज्याच्याकडून माल घेतला त्यानं बी तिकडून टाकलं पायजे. त्यानं टाकलंय का न्हाई ते दर म्हैन्याला आपल्या डोळ्यानं बगायचं. त्यो किती बी गोड बोलू दे." लोक हसले, पण काही जणांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या पडद्यावरच्या एकाही अक्षराला हे भाग्य लाभलं नव्हतं.

पुढचा महिनाभर मामा सात फोनांची पिशवी घालून दुकानोदुकानी फिरले. नंबर बदलायचा तरी आधी जुन्या नंबरावर आकडे येणार, म्हणून मामांशिवाय सुटका नव्हती. मी रविवारी जायचो. मामींनी दर दोन दुकानांनंतर त्यांना बसवायची अट घातली होती आणि ती पाळली जातेय का हे बघायला त्या स्वतः मागे मागे असायच्या. मामा आपल्याच हाताने आपलं राज्य वाटून देत होते आणि वर लोकांना रागवत होते. "दुसऱ्यानं सांगितलेली बेरीज खरी मानू नगा. म्या सांगितलेली बी."

सगळ्यात अवघड गेलं ते स्टीलच्या भांड्यांचं दुकान. नवरा गेल्यापासून तिथल्या बाई एकट्या दुकान बघायच्या. तराजू, भाव, उधारीवाल्यांची तोंडं, सगळं त्यांना तोंडपाठ. पण फोन पुढे केला की हात मागे. "मला न्हाई जमायचं, मामा. चुकलं म्हंजे?" मामा म्हणाले, "सकाळच्या पारी आख्ख्या गावाला फुलांचे फोटो धाडतीस का न्हाई? समदा बाजार सांगतो. त्येच बोट, त्योच फोन." बाई हसल्या आणि घाबरत घाबरत बसल्या. तीनदा चुकलं, मामांनी तीनदा पहिल्यापासून करायला लावलं. शेवटी त्यांच्या स्वतःच्या फोनवर सहा आकडे आले. बाई सवयीने मोठ्यांदा वाचायला लागल्या, "आठ, दोन..." मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला सांगू नगंस! कुनालाच सांगायचे न्हाईत. म्या इचारले तरी न्हाई."

"तुमाला बी न्हाई?"

"मला तर आदी न्हाई."

बाईंनी पदर ओढून फोन झाकला, मामांकडे पाठ केली आणि एकेक आकडा टाकला. हिरवी खूण आल्यावर त्या इतक्या जोरात "झालं!" म्हणाल्या की वरच्या फळीवरचा डबा खाली आला. मामांनी तो उचलून परत ठेवला, "लई झ्याक" म्हणाले आणि बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मी मागोमाग आलो, तर डोळे पुसत होते. "धूळ लई हाय या गल्लीत," ते आपण होऊन म्हणाले.

महिनाअखेर पिशवीतले सातही कप्पे मोकळे झाले. मामींनी ती धुतली आणि तिच्यात लवंग-दालचिनीच्या पुड्या ठेवल्या. लातूरला ऑपरेशन झालं, नीट झालं. भुलीतून बाहेर आल्यावर मामांनी पहिला प्रश्न तारखेचा विचारला, आणि मुलाने सांगितलेली तारीख बरोबर आहे का ते नर्सबाईंना विचारून घेतलं. तेव्हा आम्ही सगळे निर्धास्त झालो.

दोन महिन्यांनी ते कंधारला परत आले. मी भेटायला गेलो तो महिन्याच्या एकवीस तारखेला. मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते, अंगाने निम्मे झालेले. शर्टाच्या गळ्यातून टाक्यांची लांब रेघ दिसत होती. मामींनी चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मामांनी कप खाली ठेवला.

"काल ईस तारीख झाली, पाव्हणं."

"झाली मामा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट दुकानांची रिटर्नं वेळेत गेली. आपापली भरली सगळ्यांनी." मी हे किती अभिमानाने सांगत होतो! "भांडेवाल्या बाईंनी तर दोन दिवस आधीच भरलं, आणि शेजारच्या दोघांना शिकवलंसुद्धा."

मामांचा चेहरा उजळला. "म्या म्हनलं न्हवतं? त्येच बोट, त्योच फोन." ते मामींकडे बघून हसले, मामीही हसल्या. मग ते समोरच्या रस्त्याकडे बघायला लागले. रस्त्यावरून बाजाराची माणसं जात होती; काही जण हात करत होते, पण थांबत कुणी नव्हतं. डॉक्टरांनीच तसं बजावलं होतं.

"एकाला बी अडलं न्हाई?" मामांनी विचारलं.

"नाही मामा."

"एकाला बी?"

"एकालाही नाही."

"लई बेस झालं," मामा म्हणाले. त्यांनी रिकामा कप परत उचलला, तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

इतक्या वर्षांच्या धंद्यात मी खोटा आकडा कधी कुणाला दिला नाही, याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मात्र द्यायला हवा होता. दोन-तीन दुकानं अडली होती, एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं.