मंडईची कोशिंबीर

आमच्या घरचं मंडईचं मटण रांधणं धाकट्या जावेकडे गेलं, त्याला आता तीन वर्षं झाली. केशोरीजवळचं आमचं गाव लहान, पण दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की घरात पाहुणे मावत नाहीत. जो तो तिच्याच रश्श्याचं कौतुक करतो. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? थोरली असून माझ्याकडे उरली होती एक कोशिंबीर. परातभर काकडी-कांदा, वर दही, आणि हात घालून कालवणं. ती मात्र मी कोणाला करू देत नसे.

यंदा मंडईच्या आदल्या दिवशी मला उलट्या-जुलाब झाले. गोठ्यामागे ओकत होते, तेव्हा धाकटीनं माझी पाठ चोळली. म्हणाली, "बाई, उद्या तुमी पडून राहा. कोशिंबीर मी कालवतो."

हिला आता तेही हवं! कोणाला सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं. सकाळी पोट शांत होतं. हात नुसत्या पाण्यानं खंगाळले आणि परातीत घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सगळं घर आडवं झालं. पाहुण्यांचेही फोन येऊ लागले. सासूबाईंनी खापर मटणावर फोडलं. पुढच्या वर्षी धाकटीनं चुलीपाशी यायचं नाही, हेही ठरवून टाकलं. मला बरं वाटलं. मटण जरा कच्चंच होतं, असं मीही म्हणून घेतलं.

मग उपकेंद्रातल्या नर्सबाई आल्या. ओआरएस घोट घोट पाजायला लावलं, ओकारीची जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून घेतली. हा विषाणू दिसतोय, म्हणाल्या. उकळत्या रश्श्यात तो टिकणं कठीण. आजारी माणसाच्या हातानं कच्च्या खाण्यात जातो. बरं वाटलं तरी दोन दिवस रांधायचं नाही, आणि हात साबणानंच चोळून धुवायचे. शेवटी त्यांनी विचारलं, मंडईआधी घरात कोणाला असं झालं होतं का.

मी पदराशी चाळा करत बसले. धाकटी खाटेवर पडली होती, ओठ सुकलेले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "नाही बाई. कोणालेच नाही."

सासूबाई तिच्याकडे खाऊ का गिळू अशा पाहत होत्या. हे मोठेपणही धाकटीनंच न्यावं, हे मला सोसेना.

"मले झालं होतं," मी म्हणाले. "आन् कोशिंबीर मीच कालवली."