निम्म्या ताकदीचा राजा

मीटरला समोरचा माणूस हरलेला बघवत नसे. हे मी त्याची स्तुती म्हणून लिहीत नाही. कॅरमच्या पटावर माझ्या नातीची राणी अडली, की ह्या गृहस्थाचा स्ट्रायकर नेमका भलत्या बाजूला जाई. गावच्या व्हॉलीबॉलमध्ये पंच म्हणून उभा राहिला, तर शेवटचे गुण हरणाऱ्या संघाच्या पदरात पडत आणि मग दोन्ही संघ मिळून त्याला शिव्या देत. मी एकदा त्याला खडसावले, तेव्हा म्हणाला, "आसू दे हो भावोजी. घरी जाऊन नीट जेवतील तरी."

त्याच्या बाराव्याला, पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याच्या गावी, एकाच अंगणात मी त्याच्या-माझ्या प्रकरणाच्या तीन आवृत्त्या ऐकल्या. पहिली अशी, की भावोजींच्या हातून मरेना म्हणून मीटरने स्वतः राजा मारून दिला. दुसरी अशी, की एका व्हिडिओ गेमपायी म्हाताऱ्याने सख्ख्या मेव्हण्याला घराबाहेर काढले. तिसरी आवृत्ती सांगणाऱ्याला खेळ कोणता आणि राजा कोणता हेही ठाऊक नव्हते, तरी तो सर्वांत जास्त वेळ बोलला. मी तिन्ही तिथल्या तिथे दुरुस्त करू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझी बाही ओढली. येथे बाही ओढणारे कोणी नाही, म्हणून लिहितो.

मीटर हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, तेथेच तो दाब आणि तापमान मोजणारी यंत्रे दुरुस्त करी. त्यावरून त्याला हे नाव पडले आणि पुढे घरीही तेच राहिले. त्या कामात त्याच्याइतका सच्चा माणूस मी पाहिला नाही. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठाने त्याला दाबाचा काटा जरा खाली बसवायला सांगितले. मीटरने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "काटा मी आनतो खाली, साहेब. पन टाकीला कोन सांगनार?" हे वाक्य मी कितीतरी वर्षे नव्या मुलांना ऐकवीत आलो. ते वाचकांनी लक्षात ठेवावे. माझा सगळा आरोप त्यावर उभा आहे.

निवृत्तीनंतर मला ह्या खेळांची वाट त्यानेच दाखवली. महापुरात तळमजल्यावरचे सामान गेले, तेव्हापासून आमचे बसणे-उठणे वरच्या मजल्यावर. तेथे त्याने सुटे भाग जोडून एक संगणक उभा केला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. त्या जातीच्या खेळांची इंग्रजी नावे मी देत नाही. ज्यांनी ते खेळले आहेत ते ओळखतील. ज्यांनी नाही, त्यांना नावांचा उपयोग नाही. त्यांचा नियम मात्र सांगायला हवा. तुम्ही एक उजाड राज्य तलवार-ढाल घेऊन तुडवता. मेलात, की कमावलेले सारे जिथे पडलात तिथेच राहते, तुम्ही मागच्या विसाव्यावर उठता आणि मारलेले शत्रू पुन्हा उभे असतात. खेळ सोपा करण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. महाडचा निवृत्त रसायनतज्ज्ञ असो की टोकियोचा कॉलेजकुमार, समोर येणारा शत्रू तोच आणि त्याचा घावही तेवढाच. मला ह्या खेळांत जे आवडले ते एवढेच होते. इतर सर्व ठिकाणी मला ज्येष्ठ नागरिक म्हणून रांगेत पुढे सोडले जाई.

शिकवण्याची त्याची रीत निराळी होती. तो माझ्या मागे बाजेवर बसे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवी, कारण मोकळे राहिले तर ते कंट्रोलरकडे जातील अशी त्याला भीती. मी मेलो की म्हणे, "त्यानं मारलान नाय तुमाला, भावोजी. तुमीच घाई केलीत." नवा शत्रू पहिल्याच फटक्यात मला आडवा करी, तेव्हा त्याचे ठरलेले वाक्य असे: "आज त्यानं तुमाला बगितला. उद्या तुमी त्याला बगा." सकाळपाळी सुटली की मोटारसायकल आमच्या दाराशी लागे आणि जिन्यातूनच हाक येई, "गो ताय, चा टाक. भावोजी कितीदा मेलं?"

आमचे खरे भांडण तुलनेवरून होते. आम्ही खेळलेल्यांपैकी दोन श्रेष्ठ, याबद्दल दुमत नव्हते; एकाला आम्ही घंटेचा खेळ म्हणत असू आणि दुसऱ्याला दलदलीचा. माझी कसोटी प्रयोगशाळेतली: मेल्यावर आपली चूक बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. घंटेच्या खेळात ती नेहमी दाखवता येई. दलदलीत पाठीमागून असा बाण येई की तो दिसण्याचा मार्गच नसे. म्हणून घंटेचा खेळ कठीण आणि न्यायी, दलदलीचा नुसताच दुष्ट. मीटरचा पक्ष उलटा. "घंटेवाला मास्तरासारखा मारतो न् दलदल सासूसारखी," तो म्हणे. "मास्तराचा मार मानूस इसरतो. सासूचा इसरलाय कोन?" शिवथरच्या रस्त्याला त्याच्या मागे बसून मी हा वाद घालीत असे आणि उत्तर देण्यासाठी तो मान पूर्ण वळवी. पुढे बघ, असे मला प्रत्येक मुद्द्यानंतर सांगावे लागे.

घंटेच्या खेळाच्या शेवटी एक मुका राजा आहे. हातात गदा, अंगावर गंजलेले चिलखत, आणि आरोळी नाही की धमकी नाही. त्या राजाने मला एक आख्खा पावसाळा मारले. मी त्याची प्रत्येक चाल ओळखू लागलो होतो. गदा डाव्या खांद्यावर गेली की उजवीकडे सरकायचे, हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. बुद्धी वेळेवर पोचे, बोट पोचत नसे. तरीही दिवाळीच्या सुमारास एका दुपारी राजा पडला. मी हाक मारली, तशी पत्नी वर आली. मीटर बाजेवरून उठलाही नाही. त्याने फक्त बहिणीकडे पाहिले. त्या संध्याकाळी घावणे आणि नारळाचा रस झाला. दोघे माझ्या मानाने फारच शांत होते. त्यांना भरून आले असावे, असे मी धरून चाललो.

मग मी निकाल दिला. वसाहतीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रविवारी हे खेळ खेळणारी पाळीवरची मुले जमत आणि त्यांचा व्हॉट्सॲपवर एक गटही होता. तेथे मी सविस्तर लिहिले, की मुक्या राजाचा दरारा फुगवलेला आहे. माणूस त्याचे तीन घाव खाऊन उभा राहतो. सबब दलदलीचा खेळच अधिक कठीण आणि मी माझे पूर्वीचे मत मागे घेतो. आयुष्यात मी मागे घेतलेली मते फार नाहीत. मीटर वाद जिंकला होता. तो मात्र तोंड पाडून म्हणाला, "नको भावोजी. तुमचंच खरं होतं, तेच ऱ्हाऊ दे." मी त्याला विनय समजलो.

टपरीवर बिरवाडीचा गणेश नावाचा पॅकिंग विभागातला मुलगा म्हणाला, "साहेब, तीन? आम्ही दुसऱ्या घावाला झोपतो."

"तू ढाल पाठीवर बांधत असशील," मी म्हणालो. सगळे हसले. गणेशही हसला, पण आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. तेव्हा मी त्याला पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन घरी बोलावले.

त्याच्या लॅपटॉपवर मी तेच चिलखत घातले, तीच ढाल घेतली आणि राजासमोर उभा राहिलो. दुसऱ्या घावाला मेलो. पुन्हा गेलो, पुन्हा दुसऱ्याला. मग माझ्या संगणकावर खेळलो: चौथ्याला. दोन्ही यंत्रे शेजारी मांडून मी आलटून-पालटून खेळत राहिलो. हात तोच, राजा तोच आणि मापे वेगळी. असे झाले की दोष कोठे शोधायचा, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. गणेश हळूच म्हणाला, "माझ्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी बिघाड असेल, साहेब." म्हणजे तोही मला सांभाळू लागला होता. मी त्याला गप्प बसायला सांगितले. माझ्या संगणकाच्या आत हात घालणारा माणूस जगात एकच होता.

दुसऱ्या दिवशी मीटर हेल्मेट हातात घेऊन जिना चढला.

"राजाला हात कोणी लावला?" मी विचारले.

तो वरच्या पायरीवरच बसला. "मी. खेळाच्या फायली उघडून त्याची ताकद निम्म्यावर आनली."

"का?"

"तुमचा हात कापाया लागला होता, भावोजी. मला बगवंना."

पाठीमागून पत्नी म्हणाली, "त्याला काय विचारता? मीच सांगितलं त्याला. पावसाळाभर तुम्ही माणसात नव्हतात. ताटावर बसलं तरी त्या मेल्याची गदा कुठून येते तेच."

"म्हणून दोघांनी मिळून मला फसवलेत?"

"फसवलं कुठं? जेवायला घातलं. राजा मेला त्या दिवशी तुम्ही नीट जेवलात."

हे असत्य आहे. मी आधीही नीटच जेवत होतो.

लोक म्हणतात, त्याने ते प्रेमाने केले. प्रेमाबद्दल मी वाद घातलेला नाही. माझी तक्रार त्या प्रेमाबद्दलच आहे. ज्या माणसाने वरिष्ठाच्या तोंडावर काटा खाली आणायला नकार दिला, त्याने माझ्यासाठी तो आणला. टाकीला खरे माप मिळाले पाहिजे, मला नाही मिळाले तरी चालेल. कॅरमच्या पटावर माझ्या नातीला जिथे बसवत असे, तिथेच त्याने मला बसवले. आणि नात निदान आठ वर्षांची होती. त्या खोट्या मापावर मी दोन खेळांची तुलना केली, ती चारचौघांत मांडली, खरे बोलणाऱ्या मुलाची टपरीवर टिंगल केली, आणि हे सर्व होत असताना मीटर शेजारी बसून चहा पीत होता. माझा विजय गेला याचे मला दुःख झाले, पण माझा निष्कर्ष बाटवला गेला याचा राग अजून गेलेला नाही. गटावर मी शुद्धिपत्र लिहिले. त्यात त्याचे नाव घातले नाही, ही गोष्ट बाराव्याच्या अंगणात कोणीही सांगितली नाही.

आता घराबाहेर काढल्याविषयी. गुजरातेतल्या कारखान्याची नोकरी त्याने आधीच धरलेली होती. महिनाभराने तो गेला, तो त्या नोकरीसाठी गेला. जाण्यापूर्वी तो दाराशी येऊन गेला, मी वरून उतरलो नाही, एवढेच झाले. तेथून तो दर आठवड्याला बहिणीला फोन करी आणि शेवटी विचारी, भावोजी कितीदा मेलं. एकदा तिने फोन माझ्या कानाला लावला.

"भावोजी, खरा राजा पडला का?"

"नाही."

"जवळ आलाय?"

"येईल."

"शिमग्याला येतोय गावी. तुमच्याकडं येऊ का?"

"राजा मेल्यावर ये," मी म्हणालो.

"मंग लई दिस लागतील, भावोजी," तो म्हणाला आणि हसला. त्याचे ते हसणे नेहमीचेच होते. त्यात दुखावलेपण नव्हते. पत्नी म्हणते होते. फोन माझ्या कानाला होता, तिच्या नाही. मी त्याला येऊ नको म्हणालो नाही. मी मुदत घातली होती, आणि ती पाळण्याचे काम माझ्याकडे होते, त्याच्याकडे नव्हते.

शिमग्याच्या आधी तो कामावरून खोलीवर आला आणि छातीत कळ येऊन गेला. रुग्णवाहिका महाडवरूनच गावाकडे गेली. आमच्या दाराशी ती थांबवावी असे कोणीतरी सुचवले होते, पण उशीर झाला होता.

बाराव्यानंतर मी रोज दुपारी वर जाऊन बसू लागलो. गणेशकडून खेळ नव्याने घालून घेतला आहे आणि संगणकाला पासवर्ड लावला आहे. तो घरात कोणालाही सांगितलेला नाही. हात कापतो, हे खरे आहे. कापणाऱ्या हाताला उशीर होतो, म्हणून मी गदा खांद्यावर जाण्याची वाट पाहणे सोडले आणि राजाचा पाय हलला की निघू लागलो. ही युक्ती मीटरला सुचलेली नव्हती. त्याने वेळ दिला असता, तर मला तेव्हाही सुचली असती.

गेल्या आठवड्यात राजा पडला. पूर्ण ताकदीचा, दोन घावांत माणूस संपवणारा. मी पत्नीला हाक मारली. ती हात पुसत वर आली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली. राजाचे चिलखत सिंहासनाच्या पायऱ्यांवर पडले होते.

"हा खरा?" तिने विचारले.

"खरा."

"मग बोलवा आता त्याला," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

पडद्यावर प्रश्न आला होता, की प्रवास पुन्हा आरंभापासून करायचा का. दुसऱ्या फेरीत हाच राजा अधिक ताकदीने उठतो. मी 'होय' निवडले.